क्रिकेटमधले सगळ्यात भारी फिल्डर आणि एकूणच फिल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फक्त फुटबॉल चालतो असं बाहेरचे लोक म्हणतात, म्हणू देत. भातकापणी झाली की मळ्यामळ्यात स्टंप रोवले जातात आणि तिथून पार मेअखेरपर्यंत मला हेच प्रश्न येत राहतात. बॅटिंगचं सांगणारे ढीगभर आहेत, फिल्डिंगचं कोणी नीट सांगत नाही, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा, पुन्हा विचारू नका.

१. एकच नाव सांगा, जगातला सगळ्यात भारी फिल्डर कोण?

एकच म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेचा जॉन्टी ऱ्होड्स, आणि सगळे हेच उत्तर देतात म्हणून ते चुकीचं होत नाही. ८ मार्च १९९२, ब्रिस्बेन, वर्ल्ड कप, समोर पाकिस्तान. इंझमाम ४८ वर होता, बॉल पॅडला लागून ऑफला गेला, तो धावत सुटला, इम्रानने परत पाठवलं, तोवर जॉन्टी बॅकवर्ड पॉइंटवरून येऊन बॉल उचलून स्टंपकडे निघालासुद्धा. थ्रो मारलाच नाही, सरळ उडी मारून स्टंप घेऊनच पडला. तो फोटो बघितला नाही असा माणूस मिळणार नाही, पण त्यातली खरी गोष्ट फोटोत दिसत नाही, ती म्हणजे थ्रो न मारायचा निर्णय. थ्रो चुकला असता तर इंझमाम वाचला असता, बॉल हातात ठेवून पळालं तर चुकायला काही उरतच नव्हतं, फक्त पोचता येतंय की नाही एवढाच प्रश्न, आणि समोरचा गडी वळून परत येतोय म्हणजे पोचता येतंय, हे सगळं त्याने पळता पळता ठरवलं.

पुढच्याच वर्षी १४ नोव्हेंबर १९९३ ला आपल्या मुंबईत ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडिजविरुद्ध ५ कॅच घेतले, विकेटकीपर नसलेल्या माणसाचा वनडेतला तो विक्रम झाला आणि मॅन ऑफ द मॅचही तोच. पण हे सगळं पॉइंटच्या आसपासचं. स्लिप (कीपरच्या शेजारी) आणि शॉर्ट लेग (बॅट्समनच्या अगदी पुढ्यात) हे वेगळेच धंदे आहेत, तिथली नावंही वेगळी, त्यासाठी ४ आणि ५ वाचा.

२. चांगली फिल्डिंग म्हणजे नक्की काय? जो डाइव्ह मारतो तो चांगला ना?

नाही हो. निम्म्या डाइव्ह उशिरा निघाल्यामुळे माराव्या लागतात. टीव्हीवर बॉल अडवताना दाखवतात पण बघायचं असतं त्याच्या अर्धा सेकंद आधी, बॅट खाली येत असताना फिल्डर काय करतोय ते. चांगला माणूस बॉलरबरोबर दोन-चार पावलं पुढे येतो, बॅटवर बॉल लागायच्या क्षणी छोटीशी उडी घेऊन दोन्ही पायांवर सारखा उतरतो, वजन पंजांवर, टाचांवर नाही, म्हणजे डावीकडे उजवीकडे कुठेही निघता येतं. त्या क्षणी जो चालतच असतो त्याचा एक पाय हवेत असतो आणि नेमका त्याच बाजूला बॉल जातो.

दुसरं म्हणजे अंदाज. बॅट्समनचा पुढचा पाय, बॅटचं तोंड, बॉलरने टाकलेली लांबी, यावरून बॉल कुठे येणार हे बऱ्यापैकी कळतं. वेस्ट इंडिजचा क्लाइव्ह लॉइड चष्मा लावून कव्हरला उभा राहायचा, खांदे पाडून आळसावल्यासारखा चालायचा, आणि लोक त्याच्या बाजूला मारून रन घ्यायला धजावत नसत. स्कोअरबुकात घेतलेल्या रन लिहितात, भीतीने न घेतलेल्या कुठे लिहितात? आमच्याकडे एखादा नवीन पोरगा कसा आहे ते ओळखायला मी त्याच्याकडे बघतच नाही, समोरचे बॅट्समन त्याच्या दिशेला बॉल गेल्यावर हो म्हणतात की नाही म्हणतात ते ऐकतो.

३. कॅचच्या आकड्यांवरून ठरवता येईल ना मग, कोण बेस्ट?

थोडंफार. टेस्टमध्ये राहुल द्रविडचे २१० कॅच होते, जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सवर करुण नायरचा कॅच घेऊन जो रूट त्याच्या पुढे गेला. वनडेत महेला जयवर्धनेचे २१८. एका टेस्टमध्ये सगळ्यात जास्त ८ कॅच अजिंक्य रहाणेचे होते, गॉल, २०१५, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेच्या एडन मार्करमने ९ घेऊन मागे टाकले. आता यात अडचण अशी की किती सुटले ते या आकड्यांत नाही, आणि कोण कुठे उभा होता तेही नाही. स्लिपवाल्याकडे कॅच चालून येतात, कव्हरवाल्याला दिवसभरात एक येईल नाहीतर तोही नाही. शिवाय बॉलर कोण ते बघा, जयवर्धनेचे ७७ टेस्ट कॅच एकट्या मुरलीधरनच्या बॉलिंगवर आहेत आणि द्रविडचे ५५ कुंबळेच्या. म्हणून वेगवेगळ्या जागांवरच्या फिल्डरांची आकड्यांवरून तुलना करू नका, एकाच जागेवरच्या दोघांची केली तर काहीतरी अर्थ निघेल.

४. स्लिपमध्ये चांगलं व्हायला काय लागतं? मला तर बॉल दिसतच नाही.

दिसायला वेळच कमी असतो. १३५ च्या स्पीडचा बॉल सेकंदाला साडेसदतीस मीटर जातो, स्लिप पंधरा-सतरा मीटर मागे, म्हणजे कड लागल्यापासून हातात यायला अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर. एवढ्यात विचार होत नाही, त्यामुळे विचार करायला लागू नये अशा पोझिशनमध्ये आधीच असायला लागतं. गुडघे वाकलेले, ढुंगण खाली, हात गुडघ्यांच्या पुढे सैल. सगळ्यात जास्त कॅच कशाने सुटतात तर माणूस लवकर उभा होतो त्याने. खालून वर येणं सोपं, वरून खाली जाणं अवघड, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी तुमचे बरेचसे सुटणारे कॅच हातात बसतील.

नजरेचं म्हणाल तर फर्स्ट स्लिपने बॉलरच्या हातापासून बॉल बघायचा, सेकंड-थर्ड आणि गलीवाल्यांनी बॅटची कड. ऑस्ट्रेलियाचा मार्क वॉ बघा कधी, जुन्या क्लिप सगळ्या आहेत. १८१ टेस्ट कॅच, आणि त्यातल्या कित्येकांत असं वाटतं की बॉलच येऊन त्याच्या हातात बसला. बघणाऱ्याला वाटतं सोपा होता. माझ्या मते या पोझिशनवर त्याच्यापेक्षा सुंदर कोणी नाही, द्रविडवर प्रेम असूनसुद्धा.

आणि हो, विसरायला शिका. एक सुटला की पुढच्या दहा ओव्हर तोच डोक्यात ठेवणारा माणूस दुसराही सोडतो.

५. शॉर्ट लेगला कोणी उभं राहायला तयार नसतं. हा एकनाथ सोलकर कोण, ज्याचं नाव जुनी माणसं सारखी घेतात?

याचं उत्तर लांब आहे कारण माणूसच तसा होता. मुंबईचा, वडील हिंदू जिमखान्याचे ग्राउंड्समन, पोरगा त्याच मैदानावर वाढला. २७ टेस्ट, ५३ कॅच. भागाकार करून बघा, मॅचला जवळजवळ दोन पडतात, आणि निदान वीस टेस्ट खेळलेल्या फिल्डरांत त्याच्या पुढे कोणी नाही. तेही फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटपासून हातभर अंतरावर, डोक्यावर हेल्मेट नाही.

१९७१ ला ओव्हलवर इंग्लंड १०१ मध्ये गुंडाळलं तेव्हा चंद्रशेखरच्या ६ विकेट सगळ्यांना पाठ असतात, पण त्या डावात ॲलन नॉट राहिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. वेंकटराघवनच्या बॉलवर त्याच्या बॅटपॅडवरून उडालेला बॉल सोलकरने पुढे झेपावून अंगाचं पार लोटांगण घालून जमिनीपासून बोटभर वर उचलला. आपली चार स्पिनरांची जी चौकडी होती ना, तिच्या विकेटचा मोठा हिस्सा या जवळच्या फिल्डरांचा आहे, सोलकर, स्लिपमध्ये वाडेकर, आबिद अली, आणि स्वतः वेंकट. स्पिनरला माहीत असेल की कड लागली की धरला जाणार, तर तो बॉल हवेत सोडायला घाबरत नाही. नाहीतर बिचारा सपाट टाकत राहतो.

तिथे उभं राहायची युक्ती एकच, बॅट फिरताना तोंड फिरवायचं नाही, खाली बसूनच राहायचं, नजर पॅडच्या पुढच्या भागावर. पण आज ते हेल्मेटशिवाय करायचं नाही, गावची मॅच असली तरी नाही, कॅप्टन काहीही बोलू दे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लबच्या मॅचमध्ये रमण लांबा थोड्याच बॉलांसाठी म्हणून हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला गेला, कपाळावर बॉल लागला आणि तो त्यातून वाचला नाही. टेस्ट खेळलेला माणूस होता.

६. विकेटकीपरांना या यादीत का घेत नाही?

ग्लोव्ह्ज आहेत त्यांना. वेगळी यादी करू कधीतरी.

७. पूर्वी भारताची फिल्डिंग एवढी वाईट का होती?

सरसकट वाईट नव्हती, ५ मध्ये बघितलंच. जवळचे कॅच धरणारे होते, लांबचं मैदान ढिलं होतं. मैदानं टणक, गवत नाही, डाइव्ह मारली की कातडं सोलून निघणार, मग लहानपणापासून पायाने अडवायची सवय लागते. पतौडी एका डोळ्याने नीट दिसत नसताना कव्हरला असा पळायचा की बाकीच्यांना लाज वाटावी. मग कपिल, अझर, अजय जडेजा, रॉबिन सिंग असे एकेकटे होते, आणि २००० नंतर युवराज आणि कैफ एकत्र आल्यावर पॉइंट ते कव्हर हा पट्टाच बंद झाला. आता आयपीएलमुळे फिल्डिंगवर पैसे ठरतात, २०२३ च्या वर्ल्ड कपपासून ड्रेसिंग रूममध्ये फिल्डिंगचं मेडल द्यायला लागले, त्यावरून त्यांच्यात खरोखर चुरस असते.

८. गोव्यातलं कोणी आहे का या गोष्टीत?

भारताकडून खेळलेला गोव्यात जन्मलेला माणूस म्हणजे मडगावचे दिलीप सरदेसाई, पण ते बॅटिंगसाठी, १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये ६४२ रन. फिल्डिंगचं बोलायचं तर सुयश प्रभुदेसाई. एप्रिल २०२२, आरसीबीकडून आयपीएलमधली पहिलीच मॅच, चेन्नईविरुद्ध, आणि मोईन अलीला डायरेक्ट हिटवर रनआऊट. त्या रात्री आमच्या ग्रुपवर स्कोअर कोणी विचारत नव्हतं, तीच क्लिप फिरत होती. गोवा रणजी खेळतोय १९८५-८६ पासून, फातोर्ड्याला इंटरनॅशनल मॅच १९८९ पासून, पण क्रिकेटमध्ये आपला पोरगा फिल्डिंगसाठी टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवला जातोय हे नवीनच होतं.

९. आमच्या ग्राऊंडवर डाइव्ह मारली तर ढोपर सोलतं. मारू की नको?

तांबड्या खड्यांच्या ग्राऊंडवर नको. एक रन वाचवायला पंधरा दिवस लंगडत फिरणं परवडत नाही, आणि त्या जखमेत माती गेली की ती लवकर भरतही नाही. तिथे लाँग बॅरियर करा, म्हणजे एक गुडघा आडवा टेकवून त्याच्यामागे दुसऱ्या पायाची टाच लावायची, बॉल हातातून निसटला तरी पायाला अडतो. खड्यांवर बॉल शेवटच्या क्षणी उडतो त्यामुळे हात खालून वर यायला हवेत आणि तोंड किंचित बाजूला न घेता सरळ ठेवायला हवं, हे बोलायला सोपं आहे, माहितीये.

डाइव्ह शिकायचीच असेल तर ओहोटीला समुद्रावर जा. मिरामार, मोरजी, जे जवळ असेल ते. ओली घट्ट वाळू असते त्या पट्ट्यात टेनिस बॉल घेऊन एकमेकांना दोन्ही बाजूंना टाका. उभ्या उभ्या पडायचं नाही, आधी गुडघे वाकवून अंग खाली न्यायचं आणि मग जमिनीला समांतर घसरायचं, कोपर टेकवून पडलात तर खांद्याला झटका बसतो. सुक्या भुसभुशीत वाळूत नको, तिथे पाय रुततो. पावसाळ्यात हिरव्यागार मळ्यात पोरं हौसेने घसरतात तेही बरंय, फक्त बांधावरचे दगड कुठे आहेत ते आधी चालत जाऊन बघून या.

१०. टेनिस बॉलवर माझे कॅच पक्के, लेदर आला की सुटतात, असं का?

टेनिस बॉल हातावरून उसळतो म्हणून आपण तो पटकन मुठीत आवळायला शिकतो, हात पुढे नेऊन. लेदरचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, त्याला असं भेटायला गेलात की बोट दुखतं आणि बॉल खाली. झाडावरून कोणी पिकलेला मानकुराद आंबा टाकला तर आपण कसा हात मागे घेत घेत झेलतो, तसाच लेदर घ्यायचा. हात सैल, बोटं जमिनीकडे नाहीतर आकाशाकडे, बॉलकडे रोखलेली कधीच नाहीत. उलट लेदरवाला टेनिसवर आला की त्याचेही सुटतात, कारण सैल हातातून टेनिस बॉल उडून जातो, तेव्हा चिडवू नका. अंगणात 'वन टप्पा वन हँड आऊट' खेळून मोठी झालेली पोरं मात्र एका हाताने फार चांगली पकडतात, ही माझी जुनी थिअरी आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

११. उंच उडालेला कॅच हमखास सुटतो. काय करू?

आधी बघा, मग पळा. बॉल उडाला की लगेच धावत सुटणारा चुकीच्या जागी पोचतो. आणि पळताना हात पुढे धरून पळू नका, जागेवर पोचल्यावर हात वर आणा. बॉल डोळ्यांच्या उंचीवर किंवा वर येत असेल तर बोटं वर करून अंगठे एकमेकांत, ऑस्ट्रेलियावाले घेतात तसं, खाली येत असेल तर नेहमीची ओंजळ, छातीशी नेऊन. आपल्याकडे मागे माडांची रांग असली की बॉल झावळ्यांत हरवतो, तेव्हा मॅच सुरू व्हायच्या आधी तुमच्या जागेवरून दोन-चार उंच बॉल घेऊन बघाच, आणि फ्लडलाइटच्या मॅचमध्ये तर नक्कीच, दंव पडल्यावर बॉल साबणासारखा होतो ते वेगळंच.

मागे पळत घ्यायचा असेल तर १९८३ ची फायनल बघा. २५ जून, लॉर्ड्स, मदनलालच्या बॉलवर व्हिव रिचर्ड्सने मारलेला. कपिल मागे पळतोय, बॉल खांद्यावरून येतोय, आणि त्याची पावलं बघा, कुठेही घाई नाही, नजर हटत नाही. तोल सांभाळून धरलेल्या त्या कॅचने मॅच फिरली.

दोघे एकाच कॅचला निघाले तर मोठ्याने ओरडा, 'माझा!', आणि एकाने ओरडल्यावर दुसऱ्याने थांबायचं, भाऊ असो की कॅप्टन. १९९९ ला कँडीत ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह वॉ आणि गिलेस्पी एकमेकांवर आदळले, एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचा पाय मोडला.

१२. थ्रो कुठे मारायचा, स्टंपवर की कीपरकडे?

बॅट्समन अर्ध्याच्या पुढे आलेला नसेल तर कीपरकडे, एका टप्प्यात, स्टंपच्या बाजूला. जेमतेम पोचणार असेल तरच स्टंपवर, आणि मागे बॅकअपला कोणी आहे का बघून. कॉलिन ब्लँड साठच्या दशकात दक्षिण आफ्रिकेकडून खेळायचा, एकच स्टंप रोवून त्यावर तासन्‌तास थ्रो मारायचा म्हणे, आणि १९६५ ला लॉर्ड्सवर बॅरिंग्टन आणि पार्क्स दोघांना रनआऊट केलं. १९७५ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये व्हिव रिचर्ड्सने तीन रनआऊट केले, बॅटिंगमध्ये फारसं काही केलं नव्हतं त्या दिवशी. आपल्या रवींद्र जडेजाचा जानेवारी २०२१ मधला सिडनीचा बघा, स्टीव्ह स्मिथ १३१ वर, जडेजा डीपमधून पुढे पळत आला, बॉल उचलला आणि पळत्या अंगानेच एक स्टंप दिसत होता तिथे मारला. धोनीचा २०१९ चा सेमीफायनलमधला रनआऊट मी मुद्दाम सांगत नाही, न्यूझीलंडच्या गप्टिलने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे आणि अजून दुखतं.

खांदा दुखत असेल तर आधी गरम न होता लांबून थ्रो मारणं बंद करा. जवळून अंडरआर्म मारा, त्यात कमीपणा नाही.

१३. वय चाळीसच्या पुढे गेलंय, पळवत नाही. मला कुठे उभं करायला सांगू?

फर्स्ट स्लिप किंवा मिडऑन. हात चांगले असतील तर स्लिप, नाहीतर मिडऑन आणि तोंडाने मदत. कॅप्टन फाइन लेगला पाठवत असेल तर तो तुमच्यावर राग काढतोय.

१४. मुलींच्या क्रिकेटमधले कॅच पण सांगा की.

हरलीन देओल, जुलै २०२१, नॉर्दम्प्टन, इंग्लंडची एमी जोन्स. बाउंड्रीवर उडी मारून पकडला, बाहेर जातेय म्हणून आत उडवला, बाहेर पाय ठेवून परत आत झेपावून धरला. आणि २ नोव्हेंबर २०२५ ची वर्ल्ड कप फायनल, नवी मुंबई, दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट १०१ वर, दीप्तीच्या बॉलवर उंच मारला आणि अमनजोत कौरच्या हातात बॉल असा काही नाचला की बघणाऱ्यांचा जीव गेला, पण शेवटी धरलाच. त्याच मॅचमध्ये ब्रिट्सला डायरेक्ट हिटवर तिनेच घालवलं होतं, ते मात्र लोक विसरतात.

१५. बाउंड्रीवरच्या कॅचचा नियम बदलला म्हणतात, मग सूर्याचा २०२४ चा कॅच आता नॉटआऊट झाला असता का?

नाही, तो आजही आऊटच. २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-२० वर्ल्ड कपची फायनल, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये १६ हवे, हार्दिकचा पहिला बॉल, मिलरने लाँग ऑफला उचलला. सूर्यकुमारने बॉल आतूनच पकडला, तोल जातोय कळल्यावर वर उडवला, दोरीबाहेर गेला, आत आला आणि पकडला. बाहेर असताना बॉलला हातच लावला नाही, त्यामुळे त्यात काही प्रश्नच नाही.

बंद झालंय ते दुसरं. काही फिल्डर दोरीबाहेर गेल्यावर तिथूनच उड्या मारत मारत हवेत असताना बॉलला पुन्हा पुन्हा टोलवत आत आणायचे, पाय बाहेर टेकत असतानाही, फक्त बॉलला शिवताना हवेत असायचे. आता बाहेरून उडी मारून हवेत एकदाच शिवता येतं आणि त्यानंतर तुम्हाला आतच उतरायला लागतं. दुसऱ्या फिल्डरकडे टोलवला तरी हेच, तुम्ही नंतर बाहेर उतरलात तर चौका नाहीतर छक्का. आयसीसीने हे जून २०२५ पासून लावलंय. गावच्या टूर्नामेंटमध्ये चुना विस्कटलेला असतो आणि दोरी कोणाच्या तरी पायाने सरकलेली, तिथे हा नियम सांगून भांडण वाढवण्यात अर्थ नाही, आधी दोरी नीट करा.

१६. कॅच पकडून लगेच आनंदाने उडवला तर आऊट की नाही?

बॉलवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आला की कॅच झाला, किती सेकंद वगैरे काही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या हर्शल गिब्सने १३ जून १९९९ ला वर्ल्ड कपमध्ये हेडिंग्लेला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा सोपा कॅच पकडला आणि ताबा यायच्या आधीच उडवायला गेला, बॉल निसटला. वॉ तेव्हा ५६ वर होता, शेवटी नाबाद १२०. चार दिवसांनी याच दोन टीमची सेमीफायनल टाय झाली आणि आधीच्या टप्प्यात वरचढ म्हणून ऑस्ट्रेलिया फायनलला गेली, म्हणजे तो कॅच किती महाग पडला बघा.

१७. बॉल नसताना थ्रो मारल्याचं नाटक केलं तर चालतं का?

२०१७ पासून नाही. बॅट्समनला मुद्दाम फसवलं असं अंपायरला वाटलं तर ५ पेनल्टी रन आणि तो बॉल धरत नाहीत. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात देशांतर्गत मॅचमध्ये लाबुशेनवर पहिल्यांदा लागू झाला. खरंच डाइव्ह मारून बॉल चुकला आणि हात थ्रोसारखा फिरला, तर ते फसवणं नाही, पण आपल्याकडचे अंपायर हा फरक करतील याची खात्री मी देत नाही.

१८. सब फिल्डर आणला तर तो काय काय करू शकतो?

बॉलिंग नाही, कॅप्टनशिप नाही, कीपिंग अंपायरने हो म्हटलं तरच. कॅच, रनआऊट सगळं करू शकतो. २००५ ला ट्रेंट ब्रिजवर इंग्लंडचा सब गॅरी प्रॅट, ज्याचं नाव बाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं, त्याने ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन पाँटिंगला डायरेक्ट हिटवर घालवलं आणि पाँटिंग पॅव्हेलियनकडे बघून शिव्या देत गेला. सबचा कॅच स्कोअरबुकात 'सब' म्हणून जातो, ३ मधल्या आकड्यांत धरत नाहीत.

१९. ओव्हरथ्रोवर चार गेले तर एकूण किती रन?

थ्रो सुटण्याच्या क्षणी बॅट्समन एकमेकांना क्रॉस झालेले असतील तर ती चालू असलेली रन धरायची, नसतील तर फक्त पूर्ण झालेल्या, आणि वर चार. २०१९ ची वर्ल्ड कप फायनल, इंग्लंडची बॅटिंग, न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो, स्टोक्सच्या बॅटला लागून चौका. अंपायरनी सहा दिले. पण थ्रोच्या क्षणी स्टोक्स आणि रशीद दुसऱ्या रनसाठी क्रॉस झालेले नव्हते, म्हणजे पाच हवे होते आणि स्ट्राइकला रशीद. माजी अंपायर सायमन टॉफेलनेही हेच सांगितलं.

२०. बॉल अंपायरला, हेल्मेटला किंवा झाडाला लागून हातात आला तर आऊट का?

अंपायरला लागून खाली न पडता आला तर आऊट. फिल्डरने घातलेल्या हेल्मेटला लागून उडाला तरी २०१७ पासून आऊट. कीपरमागे जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला लागला तर मात्र ५ पेनल्टी, आणि टोपी काढून त्यात मुद्दाम बॉल पकडला तरी ५, हे पोरं गमतीत करतात म्हणून सांगतोय.

झाडाचं असं, की सीमारेषेच्या आत असलेलं झाड बाउंड्री धरायचं असं आधी ठरलेलं नसेल, तर त्याला लागून आलेला कॅच नियमाने धरता येतो. आपल्याकडे ग्राऊंडमध्ये एखादा माड नाहीतर काजू मिडविकेटला वाकलेला असतोच. त्यामुळे टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टन आणि अंपायरनी झाडाखाली उभं राहून ठरवा की झावळीला लागला की चार की खेळ चालू, आणि स्कोअरबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये नेमका तिकडेच बॉल जातो आणि मग ठरलं होतं की नव्हतं यावर काळोख पडेस्तोवर वाद चालतो. शेजारच्या कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) जाऊन हरवला तर तो 'लॉस्ट बॉल' नाहीच, रेषेच्या बाहेर गेला म्हणजे सरळ बाउंड्री, फक्त शोधायला कोणी जायचं तेवढं तुमचं तुम्ही बघा.